उन्हाळ्यात गाडी तापते : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझी मोटरसायकल दीडशे सीसीची, एअर-कूल्ड (हवेने गार होणारी) आहे. कडक उन्हात अर्धा तास गर्दीत चालवली की पिकअप पडतो, सिग्नलला न्यूट्रल लागत नाही आणि जळकट वास येतो. मेकॅनिक म्हणतो, जाड ऑइल टाका. टाकू का?

उत्तर : इतक्यात नको. तापलेलं सिलिंडर हेड १८० अंशांवर आहे असं धरू. बाहेर ३० ऐवजी ४५ अंश झाले, तर हेड आणि हवा यांच्या तापमानातला फरक १५० वरून १३५ वर येतो. म्हणजे उष्णता बाहेर जाण्याचं प्रमाण साधारण १० टक्क्यांनी घटतं. धडधाकट इंजिन तेवढं सोसतं. तुमचं सोसत नाही, याचा अर्थ जास्तीची उष्णता कुठेतरी तयार होतेय. जळकट वास आणि न लागणारं न्यूट्रल पाहता आधी क्लच तपासा.

बहुतेक गाड्यांना क्लच लिव्हरच्या टोकाशी १० ते २० मिलिमीटर फ्री प्ले (मोकळी हालचाल) लागतो. कमी असला तर क्लचच्या प्लेटा एकमेकींवर पूर्ण दाबल्या जात नाहीत आणि घसरतात. जास्त असला तर त्या पूर्ण सुटत नाहीत आणि न्यूट्रल अडतं. मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये थ्रॉटल पिळून बघा. आवाज चढला आणि वेग मागेच राहिला, तर प्लेटा घसरतायत. क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो, त्यामुळे ही सगळी उष्णता ऑइलमध्ये उतरते. गर्दीत सतत हाफ क्लचवर चालवलं तरी तेच होतं. कारचं ऑइल टाकलं असेल तर ते काढा. डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए-२’ (ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचसाठीची मानकं) असलेलंच घ्या.

मग पातळी. दोन-तीन मिनिटं इंजिन चालवून बंद करा, आणखी दोन-तीन मिनिटं थांबा आणि गाडी सरळ उभी असतानाच डिपस्टिक बघा. साइड स्टँडवर पातळी चुकीची दिसते. दीडशे सीसीत ऑइल जेमतेम लिटरभर असतं, त्यातलं २०० मिलिलिटर उडालं तरी पाचवा हिस्सा गेला. ग्रेडचं म्हणाल तर मॅन्युअलमध्ये उष्ण हवामानासाठी २०डब्ल्यू-५० हा जाड ग्रेड दिलेला असेल तर जरूर टाका. नसेल तर नको, घसरणारा क्लच जाड ऑइलने सुधारत नाही.

टॅपेटचा (व्हॉल्व्ह दाबून उघडणाऱ्या भागांचा) आवाज नको म्हणून ते घट्ट करून घेतले आहेत का, हेही आठवून बघा. ही सवय फार महागात पडते. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली बरीचशी उष्णता हेडमधल्या आपल्या सीटवर (बैठकीवर) टेकल्यावरच सोडतो. टॅपेट आणि व्हॉल्व्हमधली गॅप कमी असली तर तापून लांबलेला व्हॉल्व्ह नीट टेकत नाही आणि कडेने जळू लागतो. इंजिन पूर्ण थंड असताना फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) गॅप मोजा आणि मॅन्युअलमधल्या आकड्याशी जुळवा. थोडी टकटक असलेली बरी.

स्पार्क प्लगचं टोक पांढरंफटक आणि त्यावर बारीक फोड असतील, तर मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय. इंजिन आयडलवर ठेवून इनटेकच्या रबरावर (इंजिनात मिश्रण नेणाऱ्या रबरी जोडावर) थोडं पाणी फवारा. आरपीएम बदललं तर रबराला चीर आहे. शेवटी डबल स्टँडवर मागचं चाक हाताने फिरवा. अडत असेल तर ब्रेक धरतोय किंवा चेन फार ताणलीय, आणि इंजिन तो भार सतत ओढतंय.

प्रश्न : माझ्या लिक्विड-कूल्ड गाडीत तापमानाचा लाल दिवा लागतो. कूलंटच्या टाकीत साधं पाणी भरत राहू का?

उत्तर : नळाचं पाणी नको. त्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात. इथिलीन ग्लायकॉल आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं वापरा. हे मिश्रण साध्या दाबाखाली सुमारे १०७ अंशांना उकळतं आणि रेडिएटर कॅपच्या दाबाखाली १२० च्याही पुढे. कॅपचं रबर गेलं की ही वाढीव मर्यादाच जाते. शिवाय टाकीत गेलेलं कूलंट परत येत नाही, म्हणून टाकी भरलेली आणि रेडिएटर रिकामा असंही घडतं. इंजिन पूर्ण गार झाल्यावरच कॅप उघडून आतली पातळी बघा. गरम असताना उघडलीत तर उकळतं कूलंट अंगावर येईल.

पंखा फिरत नसेल तर फ्यूज आणि कनेक्टर तपासा. इंजिन तापलेलं आणि रेडिएटर थंडगार असेल तर थर्मोस्टॅट (तापमानानुसार कूलंट रेडिएटरकडे सोडणारी झडप) किंवा पंपाचा संशय घ्या. गळती दिसत नसताना कूलंट घटतंय आणि ऑइल दुधाळ झालंय, तर हेड गॅस्केट (हेड आणि सिलिंडरमधलं सील) गेलेलं असण्याची शक्यता मोठी आहे. अशी गाडी पुढे चालवू नका.

प्रश्न : तापलेल्या इंजिनवर पाणी ओतलं तर चालतं का?

उत्तर : अजिबात नाही. एकदम आकसल्याने फिन्सला (इंजिनवरच्या पातळ पात्यांना) तडा जाऊ शकतो, हेडही वाकू शकतं. इंजिन बंद करून गाडी सावलीत उभी करा आणि अर्धा तास थांबा. मग ऑइल बघून, रेस न करता निघा.