पैसे गेले, विक्रेता गप्प: आधी काय कराल?

ताई, साडीचे पैसे यूपीआयने दिलेत आणि आता विक्रेता फोनही उचलत नाही, तर आधी पुरावे गोळा करा. चॅट, जाहिरात, त्याचं पान, यूपीआय आयडी, सगळ्याचे स्क्रीनशॉट आजच घ्या. असे लोक ब्लॉक करतात, पान उडवतात, मग हातात काही राहत नाही. ॲपमध्ये त्या व्यवहाराचा 12 अंकी यूटीआर क्रमांक दिसेल, तो लिहून ठेवा.

मग एकच लेखी मेसेज पाठवा: अमुक तारखेपर्यंत साडी किंवा पैसे, नाहीतर तक्रार. शिव्या नकोत, विनवण्याही नकोत.

पण त्याने ब्लॉकच केलं असेल, तर ही मुदतबिदत सोडा आणि लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 वर, फोन करा. पैसे पुढच्या खात्यांत फिरण्याआधी गोठवता आले तरच परत मिळण्याची आशा असते, म्हणून इथे तासातासाला किंमत आहे. बँकेलाही कळवा.

दुकान खरं आहे, नुसती टाळाटाळ चाललीय, असं असेल तर ग्राहक हेल्पलाइन 1915. ई-कॉमर्स नियम, 2020 नुसार ऑनलाइन विक्रेत्याच्या तक्रार अधिकाऱ्याने 48 तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं. तेही फसलं तर जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार तुमच्याच जिल्ह्यात करता येते, 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही.

आणि हो, ‘रिफंड पाठवतोय, पिन टाका’ असं कुणी म्हणालं तर फोन ठेवून द्या. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही.