करंटच्या शेकाने गुडघा हलका का होतो, आणि संध्याकाळी पुन्हा का दुखतो

आपण विचारले आहे की, ६८ वर्षांच्या वडिलांनी कोल्हापुरात राजारामपुरीतील फिजिओथेरपिस्टकडे दहा दिवस गुडघ्यावर ‘करंटचा शेक’ घेतला, त्याने तास-दोन तास बरे वाटते, पण संध्याकाळी दुखणे पुन्हा हजर होते. तर हे यंत्र नक्की करते काय, त्याची सवय लागते का, आणि घरी एखादे घ्यावे का. मी डॉक्टर नाही. कमरेतून पायात उतरणाऱ्या दुखण्यासाठी नऊ वर्षे टेन्सचे, म्हणजे त्वचेवरून चेतातंतूंना विजेचे हलके ठोके देणारे, छोटे यंत्र वापरतो आहे, आणि पदार्थविज्ञान शिकवण्यात आयुष्य गेल्यामुळे त्यामागचे कारण कळेपर्यंत स्वस्थ बसवले नाही, एवढाच माझा अधिकार.

प्रथम ‘शेक’ हा शब्द बाजूला ठेवू. गरम पाण्याच्या पिशवीत उष्णता असते, टेन्समध्ये ती जवळजवळ नसते. त्वचेवर चिकटवलेल्या पट्ट्यांमधून विजेचे अगदी छोटे ठोके जातात. एकेक ठोका साधारण ५० ते २५० मायक्रोसेकंदांचा असतो आणि ते त्वचेखालच्या चेतातंतूंना जागे करतात. गुडघ्यातली झीज त्याने भरून येत नाही. संध्याकाळी दुखणे परत येते याचे मुख्य कारण हेच.

मग तेवढा वेळ तरी दुखणे कुठे जाते? तालमीत कोपर आपटले की पैलवान आधी तिथे हात चोळतो, हे त्याला कोणी शिकवलेले नसते. १९६५ मध्ये कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक आणि ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ पॅट्रिक वॉल यांनी याचा उलगडा मांडला. स्पर्शाचे संदेश जाड, आवरण असलेल्या तंतूंमधून वेगाने येतात. ठणक्याचे संदेश बारीक तंतूंमधून, सेकंदाला दोन मीटरहूनही कमी वेगाने सरकतात. मेंदूकडे जाण्यापूर्वी दोघांची गाठ मेरुरज्जूच्या मागच्या भागात पडते आणि तिथे जणू एक दरवाजा असतो. आपल्या राधानगरी धरणाच्या स्वयंचलित दरवाजांसारखाच तो कोणी हाताने फिरवत नाही, येणाऱ्या रेट्यावर चालतो. फरक इतकाच की इथे बारीक तंतूंचा रेटा दरवाजा उघडतो आणि जाड तंतूंचा तो लोटून घेतो. जाड तंतू कमी विजेवर आधी जागे होतात, म्हणून ठणका न वाढवता नेमके त्यांनाच चेतवता येते. या सिद्धांताच्या तपशिलात पुढे पुष्कळ दुरुस्त्या झाल्या, पण मूळ कल्पना टिकली.

वॉल आणि शस्त्रवैद्य विल्यम स्वीट यांनी १९६७ मध्ये आठ रुग्णांवर ती पडताळली. सेकंदाला १०० ठोक्यांनी चेतातंतू उत्तेजित केले असता, एरवी हातही लावू न देणाऱ्या जागेवर दाबले तरी दुखेना. त्यांपैकी चौघांना तर दोन मिनिटांच्या उत्तेजनानंतर अर्ध्या तासाहून अधिक आराम मिळाला. वडिलांचे तास-दोन तास याच जातीचे आहेत.

दुसरा मार्ग मंद ठोक्यांचा आहे. सेकंदाला दोन ते चार ठोके, स्नायू उडताना दिसेल इतक्या जोराने दिले, तर शरीर स्वतःची अफूसदृश द्रव्ये सोडते. अफूचा परिणाम उलटवणारे नालॉक्सोन दिल्यावर हा आराम ओसरतो, असे प्रयोगांत दिसले आहे. सवयीबद्दल सांगायचे तर दारू-तंबाखूसारखे व्यसन लागत नाही, मात्र तोच वेग आणि तोच जोर रोज ठेवल्यास काही दिवसांत शरीर त्याला सरावते आणि गुण कमी होतो. मी वेगवान आणि मंद ठोके आलटून पालटून वापरतो.

बहुतेकांची चूक जोराच्या बाबतीत होते. पहिले दोन महिने मी भीतीपोटी बटण जेमतेम मुंग्या येतील एवढेच फिरवत असे आणि यंत्र बिनकामाचे आहे असे घरात सांगत होतो. झिणझिण्या ठळक हव्यात, पण सोसवणाऱ्या. दहा मिनिटांनी त्या फिक्या पडल्या की थोडे वाढवावे. पट्ट्या दुखऱ्या जागेच्या दोन्ही बाजूंना लावाव्यात. त्यांचा चिकटपणा गेला की वीज एकाच ठिकाणी एकवटते आणि सुया टोचल्यासारखे होते; तेव्हा काटकसर न करता त्या बदलाव्यात.

आता अप्रिय भाग. कोणते उपचार द्यावेत याच्या शिफारशी करणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१६ मध्ये कंबरदुखीसाठी टेन्स देऊ नये असे सांगितले, आणि २०२२ मध्ये झिजेच्या संधिवातासाठीही विद्युत उपचार देऊ नयेत अशी शिफारस केली. मला स्वतःला गुण आला असला तरी या शिफारशी झाकून ठेवणे बरोबर नाही. माझे मत असे की, केवळ पडून राहून आराम मिळवायचा असेल तर हे पैसे खर्चू नयेत. आराम असलेला तो तासभर मांडीच्या स्नायूंच्या व्यायामाला आणि रंकाळ्यावरच्या फेरीला दिला, तरच यंत्राचा उपयोग झाला म्हणायचा, कारण गुडघ्याला पुढे आधार देणार आहेत ते मांडीचे स्नायू.

वडिलांना पेसमेकर असेल तर हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय यंत्राला हात लावू नये. गळ्याच्या पुढच्या बाजूस, डोळ्यांवर, जखमेवर किंवा स्पर्श न कळणाऱ्या त्वचेवर पट्टी लावू नये. मधुमेहामुळे पाय बधिर झाले असतील तर हे विशेष लक्षात ठेवावे, कारण भाजले तरी कळणार नाही. पिंडरी अचानक सुजली असेल तर आधी डॉक्टर.

खरेदीपूर्वी फिजिओथेरपिस्टना एकच विचारावे: दहा दिवस लावले ते टेन्स होते की आय.एफ.टी. (इंटरफेरेन्शियल थेरपी)? दवाखान्यातले मोठे यंत्र बहुधा दुसऱ्या प्रकारचे असते. त्यात सेकंदाला सुमारे ४००० आवर्तनांचे दोन प्रवाह एकमेकांना छेद देतात. ते आय.एफ.टी. असल्यास, घरी आणाल त्या छोट्या यंत्राने वडिलांना तितकाच गुण येतो का, हे त्यांच्याच दवाखान्यात दोन-तीनदा टेन्स लावून पाहावे आणि मगच पैसे मोजावेत.