परदेशात एकट्याने फिरताना तिथली भाषा येत नसेल तर अडतं का?

नाही अडत. स्टेशन, पाणी, संडास, बिल, एवढे चार शब्द आणि हाताची दहा बोटं पुरतात. तुम्ही लिहिलंय की इंग्रजीही कच्चं आहे. माझंही कच्चंच आहे, ड्रॉइंग वाचण्यापुरतं येतं. खरं (हे आमच्या बेळगावचं 'खरं', म्हणजे 'पण') तुमचा प्रश्न वाचला आणि बोल्झानोचा म्हातारा आठवला, म्हणून लिहायला बसलो.

मी अनगोळचा. उद्यमबागेत मशीन शॉपमध्ये आहे. २०१७ मध्ये मालकांनी इटलीचं ग्राइंडिंग मशीन घेतलं आणि ते शिकायला मला तीन आठवडे ब्रेशियाला धाडलं. एका रविवारी सुट्टी मिळाली. सोबतचा पुण्याचा पोरगा व्हेनिसला पळाला. मी नकाशावर वर वर बोट सरकवत होतो तर एका गावाला दोन नावं दिसली, इटालियनमध्ये बोल्झानो आणि जर्मनमध्ये बोत्सन. गावाला दोन नावं म्हटल्यावर बेळगावच्या माणसाला तिथं जायला आणखी काय कारण लागतं? व्हेरोनाला गाडी बदलली आणि गेलो.

उतरलो तर फलाटावरही दोन्ही नावं. मी पाटीजवळ जाऊन बघितलं, कुठं डांबर फासलंय का, खरवडलंय का. काही नव्हतं. माझं आजोळ बेळगावजवळचं येळ्ळूर. २०१४ च्या जुलैत तिथला 'महाराष्ट्र राज्य येळ्ळूर' हा फलक न्यायालयाच्या आदेशावरून पाडला, त्यावरून लाठ्या चालल्या. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला बेळगावचं कागदोपत्री बेळगावी झालं. पाटी बघितली की मी आधी तिचे ओरखडे बघतो, ही सवय तेव्हापासूनची.

गावाच्या वरच्या डोंगरावर केबल कार जाते असं कळलं होतं. वरच्या गावाचं नाव सोप्राबोल्झानो. स्टेशनबाहेर एक म्हातारा सफरचंदांची पिशवी घेऊन उभा होता. त्याला विचारलं, "सोप्राबोल्झानो?" त्याने मान हलवली, माहीत नाही. मी सावकाश म्हटलं. पुन्हा नाही. बोट आभाळाकडे केलं. तो आभाळाकडे बघायला लागला. मग फोनमध्ये दुसरं नाव सापडलं. "ओबरबोत्सन?"

"आ! ओबरबोत्सन!" म्हाताऱ्याने माझं कोपर धरलं आणि पार तिकिटाच्या खिडकीपर्यंत आणून सोडलं. त्याला स्वतःलाही वरच जायचं होतं!

मला हसू आवरेना, कारण हा माणूस माझ्या घरात आहे. आमचे काका. एकदा तिसऱ्या रेल्वे गेटजवळ एका गाडीवाल्याने त्यांना विचारलं, "बेळगावी कुठं?" काका म्हणाले, "असलं गाव इकडं नाही." तो बिचारा गोंधळला, मग म्हणाला, "बेळगाव?" "हेच की! कुठं जायचंय तुम्हाला?" असं म्हणून काका गाडीत बसले आणि बोगारवेशीपर्यंत रस्ता दाखवत गेले. १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात त्यांच्या पाठीवर लाठी बसलीय. थंडीत अजून शेकतात.

केबल कारला बारा मिनिटं लागतात. खाली द्राक्षमळे. म्हाताऱ्याचं इंग्रजी माझ्याइतकंच, त्यामुळे छान जमलं. त्याचा बाप ज्या घरात जन्मला ते घर तेव्हा ऑस्ट्रियात होतं. महायुद्ध संपलं, १९१९ चा तह झाला आणि घर जागचं न हलता इटलीत गेलं. पुढे मुसोलिनीच्या राज्यात जर्मन शाळा बंद पडल्या, तेव्हा बाप कुणाच्या तरी तळघरात लपून आपल्या भाषेची अक्षरं गिरवायचा. मी त्याला सांगितलं, माझे आजोबा येळ्ळूरच्या एकाच घरात मुंबई इलाखा, मग १९५६ पासून म्हैसूर आणि १९७३ पासून कर्नाटक असे राहिले. त्याने तीन बोटं वर करून विचारलं, "तीन?" आणि मला पिशवीतलं एक सफरचंद दिलं.

वर हॉटेलात वाढणारी पोरगी इटालियन होती. आणि हा गडी तिच्याशी फडाफडा इटालियन बोलायला लागला! चेष्टा काय, टाळ्या काय. मी बघतच राहिलो तर त्याने डोळा मारला. शिळ्या पावाचे, पालक घातलेले उकडलेले गोळे मागवले. मेनूत त्यांचीही दोन नावं, जर्मनमध्ये क्नोडल, इटालियनमध्ये कानेदेर्ली. वर वितळलेलं लोणी. भाकरी मिळाली असती तर बरं झालं असतं, एवढंच.

काकांचं तेच. रविवार पेठेत बैलहोंगलच्या व्यापाऱ्याशी तांदळाचा भाव करताना त्यांचं कन्नड ऐकावं. घरात मात्र मी फोनवर कन्नड बोललो की रेडिओचा आवाज मोठा. त्या वर्षीच मी मुलीला कन्नडची शिकवणी लावली होती, तर काकांनी बोलणं टाकलं. "सक्ती म्हणून त्यांनी लादली ती आम्ही अंगावर घेतली, आणि तू पैसे देऊन घरात आणुलालास?" माझं म्हणणं सरळ होतं, आणि आजही तेच आहे. शेजाऱ्याची भाषा न शिकणं हा अभिमान नव्हे, आळस आहे.

म्हाताऱ्याचा मुलगा तिथं सरकारी कचेरीत आहे. १९७२ च्या स्वायत्ततेच्या कायद्यापासून तिथल्या सरकारी नोकरीला दोन्ही भाषांची परीक्षा द्यावी लागते. जर्मन बोलणाऱ्याला इटालियन, आणि इटालियन बोलणाऱ्याला जर्मन. जागाही भाषेच्या लोकसंख्येप्रमाणे वाटलेल्या. हे परत येऊन मी काकांना सांगितलं, म्हटलं बघा, तुमच्यासारखा कट्टर म्हातारा, तोही दुसऱ्याची भाषा बोलतो. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"तिथल्या साहेबाला म्हाताऱ्याची भाषा यावी लागते?"

"लागते. परीक्षा आहे."

"मग तो बोलणारच की."

यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही. खरं त्या दिवाळीला काका फराळाला आले. चकली खाऊन झाल्यावर खिशातून शेताचा उतारा काढला आणि मुलीपुढे सरकवला. सगळा कन्नडमध्ये. तेव्हा कळलं, काकांना बोलता येतं, वाचता येत नाही. तिने बोट ठेवून एकेक ओळ वाचली, काकांनी सर्व्हे नंबर दोनदा म्हणायला लावला.

तुमचं राहिलंच. मी इटली आणि एकदा जर्मनी एवढंच बघितलंय, जपान-चीनकडे अडत असेल तर मला धरू नका. दुखणं आलं किंवा पासपोर्ट हरवला तर दहा बोटांनी भागणार नाही, राहत्या जागेचा पत्ता तिथल्या लिपीत लिहून खिशात ठेवा. गावाला दोन नावं असतील तर दोन्ही पाठ करा आणि समोरच्याचं वय बघून कुठलं म्हणायचं ते ठरवा. आणि इटलीत लोकल गाड्यांचं कागदी तिकीट चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात घालून शिक्का मारून घ्यायचा असतो. परतीच्या गाडीत दंड भरताना टीसीने मला हे आधी इटालियनमध्ये सांगितलं, मग जर्मनमध्ये.