दीड सीझनमध्ये गुंडाळलेली बास्केटबॉल लीग

मागच्या अंकात तीन पॉइंटच्या शॉटबद्दल (ठरलेल्या रेघेबाहेरून बास्केट केलं की दोनऐवजी तीन गुण) लिहिताना अमेरिकेतल्या एका जुन्या लीगचा ओझरता उल्लेख केला होता, अमेरिकन बास्केटबॉल लीग म्हणजे एबीएल, जी १९६१ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाली आणि १९६२ च्या ३१ डिसेंबरला बंदसुद्धा पडली. त्या एका ओळीवर इतके मेल आलेत की यावेळचा अख्खा कॉलम तिलाच देऊन टाकतोय. क्रिकेटवाल्यांनी पुढच्या अंकापर्यंत दम धरा.

प्रश्न (सांगली): अमेरिकेत एनबीए ही मोठी बास्केटबॉल लीग असताना ही दुसरी लीग काढली कोणी आणि कशासाठी?

उत्तर: खरं सांगायचं तर रागाच्या भरात काढली. एब सॅपरस्टीन म्हणून एक माणूस होता, जन्म लंडनचा, वाढला शिकागोत, स्वतः पाच फुटांच्या जेमतेम वर, आणि मालक कुणाचा तर हार्लेम ग्लोबट्रॉटर्सचा. ग्लोबट्रॉटर्स म्हणजे ती कृष्णवर्णीय खेळाडूंची टीम, बोटावर बॉल फिरवणारी, लोकांना हसवत हसवत खेळणारी. आज आपण त्यांना शोबाजी करणारे म्हणून ओळखतो पण १९४८ साली याच टीमनं शिकागोत मिनियापोलिस लेकर्सना, म्हणजे त्या काळचा दादा खेळाडू जॉर्ज मायकन याच्या लेकर्सना, ६१-५९ असं हरवलं होतं. सुरुवातीच्या वर्षांत एनबीएच्या मॅचला लोक यायचेच नाहीत फारसे, मग एकाच तिकिटात ग्लोबट्रॉटर्सची मॅच आणि एनबीएची मॅच अशी जोडी लावायचे आणि गर्दी कोणासाठी जमायची ते सगळ्यांना माहीत होतं.

त्यामुळे सॅपरस्टीनला वाटायचं की एनबीएवर आपले उपकार आहेत, आणि ते चूकही नव्हतं. त्याची अपेक्षा होती की पश्चिम किनाऱ्यावर, लॉस एंजेलिसला, टीम काढायची वेळ आली की ती आपल्याला मिळणार. आणि १९६० मध्ये झालं काय तर तेच मिनियापोलिसचे लेकर्स, आता एनबीएतले, उचलून लॉस एंजेलिसला नेले, सॅपरस्टीन बघतच राहिला. मग त्यानं ठरवलं की तुमची लीग तुम्हाला लखलाभ, मी माझी काढतो. आणि काढली. आठ टीम: शिकागो मेजर्स, क्लीव्हलंड पायपर्स, कॅन्सस सिटी स्टीअर्स, लॉस एंजेलिस जेट्स, पिट्सबर्ग रेन्स, सॅन फ्रान्सिस्को सेंट्स, वॉशिंग्टन टेपर्स आणि थेट होनोलुलूची हवाई चीफ्स. लीगचा कमिशनरही तोच आणि शिकागोच्या टीमचा मालकही तोच, म्हणजे आपल्या गल्लीत ज्याची बॅट तोच अंपायर असतो ना, तसं.

(टेपर्स हे नाव काय आहे असं विचारलंय दोघांनी. मालकाची चिकटपट्टी बनवायची कंपनी होती. टेपवाले म्हणून टेपर्स. बस.)

प्रश्न (नाशिक): थ्री पॉइंटर एनबीएनं आणला असं आमचे कोच सांगतात. तुम्ही म्हणता एबीएलनं. नक्की काय?

उत्तर: कोचना दुखवायचं नाहीये पण एनबीएनं तो आणला १९७९-८० च्या सीझनला, म्हणजे एबीएल बंद पडून सतरा वर्षं होत आली होती तेव्हा. तीन पॉइंटची कल्पना त्याआधीही होती, १९४५ मध्ये न्यूयॉर्कला कोलंबिया आणि फोर्डहॅम या कॉलेजांच्या एका मॅचमध्ये प्रयोग करून पाहिला होता आणि सोडून दिला होता. पण अख्खी प्रोफेशनल लीग त्या नियमावर चालवणं हे पहिल्यांदा केलं ते सॅपरस्टीननं.

त्याचं डोकं धंदेवाईक होतं. त्या काळात बास्केटबॉल म्हणजे सात फुटी माणूस रिंगखाली उभा करा, बॉल त्याच्याकडे टाका, झालं. बघणाऱ्याला त्यात मजा काय? लांबून मारणाऱ्याला जास्त गुण दिले तर लहान चणीचा खेळाडूही कामाला येईल आणि मॅच शेवटच्या मिनिटापर्यंत जिवंत राहील असा त्याचा हिशोब. रेघ ठेवली बास्केटपासून २५ फुटांवर, कोपऱ्यात थोडी जवळ. २५ फूट म्हणजे सव्वासात मीटर नाही, साडेसात मीटरच्याही वर! आज आपल्या पोरांच्या कोर्टवर जी फिबाची, म्हणजे जागतिक बास्केटबॉल संघटनेची, रेघ असते ती ६.७५ मीटरवर आहे, आणि एनबीएची आजची रेघसुद्धा समोरून २३ फूट ९ इंच. म्हणजे त्या लोकांना आजच्यापेक्षा लांबून मारावं लागायचं, आणि तरी शिकागोच्या टोनी जॅक्सननं एका मॅचमध्ये १२ तीन पॉइंटर टाकलेत.

रेघेबरोबर अजूनही बदल केले होते. रिंगखालचा रंगवलेला पट्टा एनबीएत १२ फुटी होता तो यांनी १८ फूट रुंद केला, म्हणजे उंच माणसाला रिंगला चिकटून ठाण मांडता येऊ नये. शॉट क्लॉक, म्हणजे शॉट मारायची मुदत, २४ ऐवजी ३० सेकंदांची. एबीएल मेल्यावर तीन पॉइंटचा नियम आधी एका छोट्या ईस्टर्न लीगनं उचलला, मग १९६७ ला सुरू झालेल्या एबीए या आणखी एका लीगनं, आणि तिथून तो शेवटी एनबीएत गेला. फिबानं १९८४ मध्ये स्वीकारला.

प्रश्न (एडिसन, न्यू जर्सी): इथे ऑफिसात बेसबॉलचे फॅन आहेत, ते म्हणतात पुढे यांकीज या बेसबॉल टीमचा मालक झालेला जॉर्ज स्टाइनब्रेनर पूर्वी बास्केटबॉल टीमचा मालक होता. तीच का ही लीग?

उत्तर: हो हो, तीच! आणि तेव्हापासूनच तो तसाच तापट होता म्हणायचं. क्लीव्हलंड पायपर्स त्यानं घेतली तेव्हा तो तिशीत नुकता पोचलेला, वडिलांचा जहाजांचा धंदा, आणि वडिलांना हा खेळाचा नाद अजिबात पसंत नव्हता.

पायपर्सचा कोच होता जॉन मॅक्लेंडन, आणि इथे जरा थांबतो कारण या माणसाबद्दल मराठीत कोणी लिहीत नाही. मॅक्लेंडन कृष्णवर्णीय, कॅन्सस युनिव्हर्सिटीत शिकला, आणि बास्केटबॉलचा जनक जेम्स नेस्मिथ तेव्हा तिथेच शिकवायचा, त्याच्या हाताखाली हा खेळ शिकला, पण रंगामुळे युनिव्हर्सिटीच्या टीममधून खेळायला मात्र मिळालं नाही. पुढे टेनेसीच्या कॉलेजला १९५७, ५८, ५९ अशी लागोपाठ तीन राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली. एवढं करूनही एनबीएत त्याला कोच म्हणून कोणी विचारलं नाही, आणि एबीएलनं विचारलं. अमेरिकेतल्या प्रोफेशनल लीगमध्ये हेड कोच झालेल्या अगदी सुरुवातीच्या कृष्णवर्णीयांपैकी तो एक. एनबीएला तिथवर यायला १९६६ उजाडलं, बिल रसेल बॉस्टनचा कोच झाला तेव्हा.

पण मालक स्टाइनब्रेनर. टीम हरली की खेळाडूंवर आरडाओरडा, पगार वेळेवर नाही. हवाईविरुद्धची मॅच चालू असताना हाफटाइमला स्वतःचा एक खेळाडू समोरच्याच टीमला विकून टाकला असा किस्सा क्लीव्हलंडमध्ये अजून सांगतात. विचार करा, पहिला हाफ एका बाजूनं खेळलायस आणि ड्रेसिंग रूममध्ये कळतंय की आता तू पलीकडचा! शेवटी खेळाडूंच्या थकलेल्या पगारावरून वाजलं आणि जानेवारी १९६२ मध्ये मॅक्लेंडननं राजीनामा दिला. त्याच महिन्यात लॉस एंजेलिस जेट्स बंद पडली होती, तिचा कोच बिल शारमन मोकळाच होता, त्याला बोलावला आणि त्याच सीझनला पायपर्सनी फायनलमध्ये कॅन्सस सिटीला ३-२ हरवून कप घेतला. टीम बांधली मॅक्लेंडननं, कप उचलला शारमननं. शारमन मोठाच कोच होता, वाद नाही, पण मला हे वाचताना दरवेळी खटकतं.

प्रश्न (नागपूर): मग एवढं सगळं चांगलं होतं तर बुडाली का?

उत्तर: पैसा, अजून काय. पण पैसा का नव्हता ते बघण्यासारखं आहे.

एक तर टीव्ही नव्हता. देशभर दाखवणाऱ्या चॅनलशी करार झालाच नाही, म्हणजे उत्पन्न काय तर तिकीट, आणि तिकीट विकायचं तर लोकांना खेळाडू माहीत पाहिजेत. दुसरं म्हणजे हवाई. होनोलुलू कागदावर मस्त वाटतं पण प्रत्येक टीमला विमानानं पॅसिफिकमध्ये अर्ध्यावर जाऊन यायचं, राहायचं, खायचं, त्याचा खर्च कोण देणार? त्यात शिकागोमध्ये त्याच वर्षी एनबीएनं पॅकर्स नावाची नवी टीम आणून बसवली, म्हणजे सॅपरस्टीनच्या स्वतःच्या गावात गर्दी वाटली गेली. पहिला सीझन संपायच्या आत लॉस एंजेलिस बंद, वॉशिंग्टनची टीम न्यूयॉर्कला पळवलेली. दुसऱ्या वर्षी हवाईवाले लाँग बीचला, सॅन फ्रान्सिस्कोवाले ओकलंडला, टेपर्स आता फिलाडेल्फियाला. टीम दरवर्षी गाव बदलणार असेल तर प्रेक्षकानं प्रेम कुणावर करायचं?

पण खरा घाव घातला तो क्लीव्हलंडनं. १९६२ मध्ये कॉलेज बास्केटबॉलचा सगळ्यात मोठा स्टार होता ओहायो स्टेटचा जेरी लुकस, १९६० च्या रोम ऑलिंपिकचा गोल्ड मेडलिस्ट. एनबीएच्या नियमाप्रमाणे त्याच्यावर सिनसिनाटीच्या टीमचा हक्क होता. स्टाइनब्रेनरनं त्याला पगाराबरोबर शेअर्समधली गुंतवणूक वगैरे देऊ करून पायपर्समध्ये ओढला. एबीएलला हवा होता तसा हुकमी एक्का हातात आला की! आणि यानं काय करावं? तो एक्का घेऊन थेट एनबीएकडे गेला, आम्हाला आत घ्या म्हणून. एनबीए तयारही झाली, पण प्रवेशाचे आणि सिनसिनाटीच्या नुकसानभरपाईचे पैसे भरायची वेळ आली तेव्हा खिशात पैसे नाहीत. म्हणजे एबीएल सोडली, एनबीए मिळाली नाही आणि टीमच बुडाली. लुकस वर्षभर घरी बसला आणि पुढच्या वर्षी गुपचूप सिनसिनाटीला गेला.

चॅम्पियन टीमच गायब झाल्यावर राहिलेल्या सहा जणांनी दुसरा सीझन सुरू केला खरा, पण डिसेंबरअखेर सॅपरस्टीननं शटर ओढलं. तेव्हा २२ विजय आणि ९ पराभव घेऊन कॅन्सस सिटी पुढे होती, त्यांनाच विजेते जाहीर केलं, विषय संपला. माझं मत विचाराल तर एनबीएनं एबीएलला मारलं असं जे म्हणतात ते अर्धंच खरं, हिला हिच्याच मालकांनी मारलं. रागावर सुरू होता येतं, रागावर पगार निघत नाहीत.

प्रश्न (कोल्हापूर): एबीएलमधून कोणी मोठा खेळाडू झाला का?

उत्तर: कॉनी हॉकिन्स. ब्रुकलिनच्या गरीब वस्तीतला पोरगा, हात एवढे मोठे की बॉल एका पंजात धरून फिरवायचा. आयोवा युनिव्हर्सिटीत पहिल्या वर्षाला असताना १९६१ चं फिक्सिंग प्रकरण निघालं. आपल्याला मॅच फिक्सिंग माहितीये, तिथला प्रकार जरा वेगळा होता, हरायचं नाही, जिंकायचं पण ठरल्यापेक्षा कमी फरकानं, म्हणजे सट्टा लावणाऱ्याचं भागतं. हॉकिन्सनं त्या प्रकरणातल्या सूत्रधाराकडून २०० डॉलर उसने घेतले होते आणि ते परतही केले होते. त्याच्यावर ना खटला झाला ना आरोप ठेवला, पण युनिव्हर्सिटीनं काढलं आणि एनबीएनं दार बंद केलं.

मग १९ व्या वर्षी तो पिट्सबर्ग रेन्सकडून खेळला आणि पहिल्याच सीझनला मॅचमागे २७ च्या वर पॉइंट काढून लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. लीग बुडाली, हा ग्लोबट्रॉटर्सबरोबर चार वर्षं गावोगाव फिरला, मग एबीएच्या पहिल्याच सीझनला विजेतेपद आणि पुन्हा सर्वोत्तम खेळाडू. त्याच्या वकिलांनी एनबीएवर दावा ठोकला होता, १९६९ मध्ये एनबीएनं तडजोड केली, सगळं मिळून दहा लाख डॉलरच्या वर द्यावे लागले आणि हॉकिन्स फिनिक्स सन्सकडून खेळायला लागला, वयाची सत्ताविशी ओलांडून. १९९२ ला हॉल ऑफ फेममध्ये गेला.

वर उल्लेख आलेला टोनी जॅक्सनही त्याच प्रकरणात एनबीएबाहेर राहिलेला. बिल स्पाइव्ही नावाचा केंटकीचा सात फुटी खेळाडू तर १९५१ च्या प्रकरणापासून, काही सिद्ध झालं नसताना, बाहेर होता, तोही इथे खेळला. तीन पॉइंटच्या रेघेचं कौतुक सगळे करतात, मी मात्र एबीएलची आठवण काढतो ती या लोकांसाठी. दीड सीझन का होईना, त्यांना कामाला घेणारं कोणीतरी होतं.

प्रश्न (ठाणे): एबीएल, एबीए, एनबीए, सगळा गोंधळ होतो.

उत्तर: एनबीए आजची. एबीए १९६७ ते १९७६, लाल-पांढरा-निळा बॉल, तिच्या चार टीम शेवटी एनबीएत गेल्या. एबीएल ही, १९६१-६२ ची. आणि याच नावाची बायकांची एक लीग १९९६ ला निघून १९९८ ला बंद पडली, तिचा हिच्याशी संबंध नाही.

प्रश्न (पुणे): आपल्याकडे असं काही झालं का हो?

उत्तर: झालं की, आणि पुणेकर विसरले! २०१५ मध्ये यूबीए नावाची प्रो लीग सुरू झाली होती, त्यात पुणे पेशवे होती आणि मुंबई चॅलेंजर्सही. २०१७ नंतर ती लीगही दिसली नाही. पण तिच्यात पंजाबकडून खेळलेल्या पालप्रीत सिंग ब्रारला २०१६ मध्ये एनबीएच्या डी-लीगच्या, म्हणजे तिच्याच दुय्यम लीगच्या, ड्राफ्टमध्ये (खेळाडूंच्या निवडीत) लाँग आयलंडच्या टीमनं निवडलं होतं, तेवढं तरी पदरात पडलं.

प्रश्न (लातूर): क्विझसाठी एक अवघड प्रश्न द्या ना यातला.

उत्तर: घ्या. एबीएल, एबीए आणि एनबीए, तिन्ही लीग जिंकणारा कोच कोण? बिल शारमन. १९६२ क्लीव्हलंड पायपर्स, १९७१ युटा स्टार्स, १९७२ लॉस एंजेलिस लेकर्स. उत्तर देताना लोक लेकर्स सांगतात, युटाही सांगतात एखाद्‌वेळी, पायपर्सवर सगळे अडकतात.