लग्नाआधी पार्लरमध्ये ओठांत आणि नाकात फिलर भरून घेणं कितपत सुरक्षित आहे?

लग्न तीन आठवड्यांवर आलंय, पार्लरमधल्या ताई ओठ बिनसुईच्या पेननं आणि नाकाचा दांडा सुईनं भरून देणार, दोन्ही मिळून साडेचार हजार, आणि त्यांचं म्हणणं, ‘हे आपल्या शरीरातच असतं, फार तर थोडं सुजेल.’ तुमच्या प्रश्नातलं एवढं वाचलं आणि लिहायलाच बसले. मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, फिलर, म्हणजे उभार आणायला त्वचेखाली भरायचा पदार्थ, स्वतः देते, त्यातून कमावतेही, त्यामुळे फिलर म्हणजे विष वगैरे मी म्हणणार नाही. पण नाक नको. ओठ पार्लरमध्ये नकोत. आणि तीन आठवड्यांत तर कुठेच काही नको.

‘शरीरातच असतं’ हे अर्धसत्य आहे. फिलरमध्ये बहुतेक वेळा हायल्युरोनिक ॲसिड असतं. ते त्वचेतही असतं, पण तिथे ते एक-दोन दिवसांत मोडून जातं आणि नवं तयार होत राहतं. सिरिंजमधलं इतक्या लवकर मोडू नये म्हणून त्याच्या साखळ्या रसायनानं एकमेकींना जोडून घट्ट जेल केलेली असते. म्हणून ती महिनोन्‌महिने टिकते. ही जेल त्वचेखाली बसली तर ठीक, धमनीत शिरली तर बूच बसलं म्हणून समजा. मग ती शरीरातली की बाहेरची, याला काही अर्थ उरत नाही.

सूज, काळंनिळं पडणं, दुखणं हे बहुतेकांना होतं आणि आठ-पंधरा दिवसांत जातं. ज्यांना तापानंतर ओठांवर फोड उठतात त्यांना ते पुन्हा उठू शकतात. जेल फार वर भरली तर त्वचेखालून निळसर दिसते. यातलं काही लांबलं आणि हळदीच्या फोटोंत नको असेल, तर तीन आठवडे कमीच पडू शकतात. पण माझी हरकत यासाठी नाही.

हरकत धमनीसाठी आहे. चेहऱ्यातल्या धमन्या प्रत्येकात पुस्तकातल्या चित्राप्रमाणे जात नाहीत. एकाच माणसाची डावी बाजू आणि उजवी बाजूसुद्धा वेगळी असते. सुई आत गेल्यावर दट्ट्या मागे ओढून रक्त येतंय का बघतात, पण रक्त आलं नाही म्हणजे सुई धमनीत नाही, अशी खात्री त्यातून मिळत नाही. म्हणून जाणकार माणूस अगदी थोडं थोडं, सावकाश सोडतो आणि सगळा वेळ त्वचेच्या रंगाकडे बघत असतो.

रंग म्हणजे काय ते सांगते. मागे एक मुलगी माझ्याकडे आली. आदल्या दुपारी एका पार्लरमध्ये वरच्या ओठात काहीतरी भरून घेतलं होतं. रात्रभर ठणकत होतं, फोन केला तर ‘बर्फ लावा, उतरेल’ असं सांगितलेलं. ओठाची डावी बाजू आणि तिथून थेट नाकपुडीच्या कडेपर्यंत जांभळट जाळी उमटली होती. अंगठ्यानं दाबून सोडलं की चांगल्या त्वचेत रंग दोनेक सेकंदांत परत येतो. उजवीकडे आला. डावीकडे मी मनात सहापर्यंत मोजलं तरी तो डाग पांढराच. अशा वेळी बर्फ म्हणजे आधीच उपाशी असलेल्या त्वचेच्या वाहिन्या आणखी आकसणं. तिथे लागतो कोमट शेक, आणि मुख्य म्हणजे हायल्युरोनिडेज हे विकर, जे ही जेल विरघळवतं. छोट्या कुपीत पांढरी भुकटी असते, १५०० युनिटची कुपी मिळते, सलाइनमध्ये कालवून सगळ्या जांभळ्या पट्ट्यात टोचायची, तासाभरानं पुन्हा बघायचं, रंग आला नाही तर पुन्हा टोचायची. माझ्याकडचा साठा संपला तेव्हा जवळच्या डोळ्यांच्या हॉस्पिटलातून मागवला. मोतीबिंदूच्या भुलेत ते वापरतात, म्हणून तिथे सहसा असतं. ओठ वाचला. नाकपुडीच्या कडेला मात्र खपली धरली आणि खड्डा राहिला. आत काय भरलं होतं, हे तिला शेवटपर्यंत माहीत नव्हतं. विकरानं विरघळलं, म्हणजे निदान हायल्युरोनिक तरी होतं, हे नशीबच म्हणायचं.

कारण बाकीच्या फिलरना असा उतारा नाही. कॅल्शियमवाल्या, पॉलिलॅक्टिक ॲसिडच्या किंवा पीएमएमए या प्लास्टिकच्या फिलरवर हे विकर चालत नाही. सिलिकॉन तेल तर चेहऱ्यात भरायचंच नसतं. या हौसेला इतिहासही जुना आहे. ग्लॅडिस डीकन या पुढे मार्लबरोच्या डचेस झालेल्या बाईंनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नाक सरळ दिसावं म्हणून त्यात पॅराफिन मेण भरून घेतलं होतं. ते घसरलं आणि चेहरा कायमचा बिघडला.

आता नाक. नाकाच्या आणि दोन भुवयांच्या मधल्या धमन्या आत डोळ्याच्या धमनीशी जोडलेल्या आहेत. दट्ट्यावर जोर पडला की जेल उलटी मागे ढकलली जाऊ शकते, आणि जोर निघाल्यावर रक्ताबरोबर पुढे वाहत डोळ्याच्या पडद्याच्या धमनीत जाऊन अडकते. दिसणं काही क्षणांत जातं. पडद्याला तास-दीड तास, कधी त्याहूनही कमी वेळ मिळतो, आणि एकदा गेलेली नजर बहुतेकांची परत येत नाही. हे विरळ आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात जगभरच्या तोपर्यंतच्या ९८ घटना गोळा केल्या होत्या. त्यात स्वतःच्याच शरीरातली चरबी भरल्यानं झालेल्याही पुष्कळ होत्या, आणि सगळ्यात जास्त वेळा सुई भुवयांच्या मधे किंवा नाकात होती. त्याच अभ्यासकांच्या २०१९ च्या पुढच्या आढाव्यात ४८ नव्या घटना आल्या, त्यातल्या निम्म्याहून जास्त नाकाच्या. नाकाची शस्त्रक्रिया आधी झाली असेल तर धोका आणखी वाढतो. मी स्वतः नाकात फिलर देत नाही. देणारे चांगले डॉक्टर आहेत, त्यांच्याशी माझं याबाबत पटत नाही एवढंच.

पेनबद्दल. सुई नाही म्हणून धोका नाही, हे साफ चूक. हे पेन दाबाच्या जोरावर जेल त्वचेत मारतं. किती खोल आणि किती गेली यावर हाताचा ताबा राहत नाही. अमेरिकेच्या एफडीए या औषधं आणि उपकरणांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेनं ऑक्टोबर २०२१ मध्ये अशी पेनं वापरू नका असा जाहीर इशारा दिला आहे.

आणखी एक गोष्ट पार्लरमध्ये कुणी सांगत नाही: काही त्रास महिन्यांनी उगवतात. भरलेल्या जागी घट्ट गाठ येते, ताप-सर्दी किंवा दातांच्या कामानंतर अचानक सूज येते. मॉडर्नाच्या कोविड लशीच्या चाचणीतही फिलर घेतलेल्या तिघींचे चेहरे किंवा ओठ सुजल्याची नोंद आहे.

ओठ करायचेच असतील तर लग्नानंतर, निवांत. डॉक्टरचं शिक्षण विचारा: त्वचारोगातली एमडी, डीएनबी किंवा डिप्लोमा, नाहीतर प्लास्टिक सर्जरीतली पदवी. मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक मागायला लाजू नका. खोकं तुमच्यासमोर फोडायला सांगा. लेबलावर आयातदाराचं नाव, पत्ता, परवाना क्रमांक आणि मुदत असते. बॅच नंबरच्या स्टिकरचा फोटो काढून ठेवा. आणि सरळ विचारा, ‘हायल्युरोनिडेज आत्ता इथे आहे का? दाखवता?’ या प्रश्नावर जो चिडेल त्याच्याकडून उठून या. गांधीलमाशी किंवा मधमाशी चावून कधी अंगभर रिॲक्शन आली असेल तर तेही आधीच सांगा, कारण या विकराचीही ॲलर्जी येऊ शकते.

हे वाचायच्या आत तुम्ही करून घेतलंच असेल तर: त्वचा पांढरी पडणं, जांभळी जाळी, सुजेच्या मानानं फार जास्त ठणका, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच त्वचेच्या किंवा प्लास्टिक सर्जरीच्या डॉक्टरकडे जा. नजर धूसर झाली, एक पापणी पडली किंवा डोळ्यात कळ आली, तर थेट डोळ्यांचा विभाग असलेल्या मोठ्या हॉस्पिटलात. दारातच सांगा, ‘फिलर घेतलाय, अमुक वाजता, अमुक जागी’, आणि तो स्टिकरचा फोटो दाखवा.