सातव्या घरीही पिल्लं नव्हती

"मॅडम, मांजरीपायी पोरीनं शाळा सोडलीय." सईची आई खुर्चीत टेकायच्या आधीच बोलली. सई (नाव बदललंय) दुसरीत. घरची मनी व्यालेली, दिवाणाखालच्या खोक्यात तीन पिल्लं. दोन आठवडे सई तिथून हलत नव्हती. सकाळी पोट दुखायचं. रिक्षावाले काका हॉर्न वाजवून निघून गेले की थांबायचं. "एवढा लळा बरा नव्हे ना? पिल्लं देऊन टाकली तर विसरेल का?"

मुलांशी बोलून त्यांच्या मनातलं समजून घेणं हे माझं काम. हा प्रश्न मला नवा नाही. कधी मांजर असतं, कधी कुत्रा, एकदा तर कोंबडी होती.

सईला कागद-खडू दिले. तिनं खोकं काढलं, पिल्लं काढली आणि खोक्याला खोक्याहून मोठं कुलूप.

"कुलूप कशाला गं?"

"मी शाळेत गेले की जातात ती."

आईनं मान खाली घातली. मग सगळं बाहेर आलं. आधीच्या खेपेची पिल्लं सई शाळेत असताना बाबांनी पोत्यातून मंडईत नेऊन सोडली होती. आजीनं सांगितलं, मांजर पिल्लांना सात घरं फिरवते, तिनंच नेली असतील. सईनं ते खरं मानलं. वाटीत दूध घेऊन, बोटांवर मोजत ती आळीतली सात घरं फिरली. सातव्या घरच्या मुलानं तिला पोत्याचं सांगून टाकलं. घरी येऊन ती कुणाला एक अक्षर बोलली नाही.

(पिल्लं दुरावली की मांजर लवकर पुन्हा माजावर येते आणि नऊ आठवड्यांत विते. म्हणजे दुसरं खोकंही बाबांच्याच घाईमुळे भरलेलं.)

लळा कमी करायचा उपाय माझ्याकडे नव्हता, आणि तो करायची गरजही नव्हती. ही पोर प्रेमापायी नाही, पहाऱ्यासाठी घरी बसली होती. पुढच्या वेळी बाबांना बोलावलं. "एवढ्याशा पोरीला काय सांगायचं?" म्हणत आले. पण सांगितलं त्यांनी, तिच्यासमोर मांडी घालून. "मी नेली होती. तुला न विचारता. चुकलं माझं."

सईनं रडण्याआधी एकच विचारलं, "पोत्याचं तोंड बांधलं होतं?"

"सैल बांधलं होतं."

त्यानंतरचं सोपं होतं. आठ आठवडे पिल्लं आईपाशीच राहणार. कोणतं कुणाला द्यायचं ते सईनं घर बघून ठरवायचं. एक कायमचं इथंच. पिल्लांनी पिणं सोडलं की मनीचं नसबंदीचं ऑपरेशन. आजी कुरकुरल्या, पण नातीपुढे त्यांचं चाललं नाही.

पहिलं पिल्लू मावशीकडे जायचं त्या सकाळी सई दप्तर अडकवून दारात उभी राहिली. "बाबा, संध्याकाळी किती असतील?"

"दोन."

संध्याकाळी दप्तर पाठीवर तसंच ठेवून ती दिवाणाखाली वाकली. दोन होती. मग दप्तर टाकलं आणि खायला मागितलं.