नेट्रिन हे एकच प्रथिन काही मज्जातंतूंना ओढतं आणि काहींना हुसकावून लावतं, ते कसं?

याचं उत्तर नेट्रिनमध्ये सापडत नाही, ते तंतूच्या टोकावर सापडतं.

वाढत्या तंतूच्या टोकाला पंजासारखा पसरट भाग असतो, ग्रोथ कोन. स्पॅनिश शास्त्रज्ञ रामोन इ काहाल यांनी १८९० मध्ये कोंबडीच्या भ्रूणात तो ओळखला. मी पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत ग्रोथ कोन पाहिला, तेव्हा बराच वेळ डोळा काढवला नाही. बारीक बोटं बाहेर येतात, चाचपडतात, मागे जातात, पुन्हा दुसरीकडे निघतात.

या बोटांच्या पृष्ठभागावर ग्राही असतात, म्हणजे बाहेरचे रेणू पकडून आत निरोप देणारी प्रथिनं. नेट्रिन डीसीसी नावाच्या ग्राहीला चिकटलं की त्याच्या पेशीतल्या शेपटापासून निरोप पुढे सरकतो आणि रॅक, सीडीसी-४२ ही प्रथिनं चालू होतात. त्या बाजूला पेशीला आकार देणारे ॲक्टिन या प्रथिनाचे धागे भराभर बांधले जातात आणि पंजा तिकडे वळतो. पण पृष्ठभागावर ‘अंक-५’ (UNC5) नावाचा ग्राहीही असेल, तर त्याच नेट्रिनमुळे त्या बाजूचे धागे कोसळतात आणि तंतू पाठ फिरवतो.

याहून नवलाची गोष्ट म्हणजे ग्राही तेच राहिले तरी अर्थ पालटू शकतो. १९९७ मध्ये बेडकाच्या पेशींवर हे दिसलं: पेशीत निरोप पोचवणाऱ्या सायक्लिक एएमपी या छोट्या रेणूचा मार्ग दाबला, की नेट्रिनकडे झेपावणारे तंतू त्याच्यापासून दूर जाऊ लागले.

मेरुरज्जूत याचा सुरेख उपयोग होतो. काही तंतूंना मधली रेषा ओलांडून पलीकडे जायचं असतं. नेट्रिन त्यांना रेषेकडे खेचतं. तिथेच स्लिट नावाचं हुसकावणारं प्रथिनही असतं, पण ओलांडेपर्यंत तंतू त्याला दाद देत नाही. ओलांडून झालं की रोबो हा स्लिटचा ग्राही पृष्ठभागावर वाढतो, नेट्रिनची ओढ ओसरते, आणि तंतू परत फिरत नाही.

‘नेट्रिन’ हे नाव संस्कृत ‘नेतृ’वरून आलंय, म्हणजे नेणारा. मला मात्र ते हाक मारणारं वाटतं. जायचं की नाही हे पेशी ठरवते.

ही हाक नीट ऐकू आली नाही तर काय होतं, ते माणसांतही दिसतं. डीसीसीच्या जनुकाची एक प्रत बिघडलेल्या काही जणांमध्ये उजवी मूठ मिटली की डावीही आपोआप मिटते. हालचालीचा निरोप नेणारे जे तंतू पलीकडे जायला हवे होते, त्यांतले काही अलीकडेच राहिलेले असतात.